शाळा बंद होती तेव्हा शिक्षणही बंद होते

ऑनलाइन शिक्षण आणि प्रत्यक्ष वर्गातले शिक्षण यांत तत्त्वतः फरक नाही, जो आहे तो केवळ माध्यमाचा, आणि माध्यम सुधारत गेले की तोही उरणार नाही, हे मत गेल्या पाच-सहा वर्षांत इतके रुळले आहे की ते मांडणाऱ्यांना पुरावा देण्याची गरजही वाटेनाशी झाली आहे. धोरणांच्या मसुद्यांत, शिक्षणविषयक परिषदांत, शिकवणी घेणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत आणि, सर्वांत काळजीची गोष्ट म्हणजे, कमी पटाच्या शाळांचे काय करायचे याविषयीच्या प्रशासकीय चर्चेत ते गृहीतक म्हणून वावरते. ज्या मताच्या आधारे गावातली शाळा राहील की जाईल हे ठरू शकते, ते तपासल्यावाचून सोडून देणे परवडणारे नाही. आणि ते तपासायचे तर वर्धा जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण मूल कसे शिकते या प्रश्नाचे एक सविस्तर, लेखी आणि देशभर गाजलेले उत्तर याच जिल्ह्यात तयार झाले होते.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. शिक्षण म्हणजे अखेर आशयाचे संक्रमण, म्हणजे जाणणाऱ्याकडची माहिती न जाणणाऱ्यापर्यंत पोहोचवणे होय, असे हा पक्ष मानतो. चांगला शिक्षक दुर्मीळ असतो. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या एखाद्या लहान गावच्या द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे जिथे दोनच शिक्षक पहिली ते चौथीचे सगळे वर्ग सांभाळतात अशा शाळेत, तो कधी पोहोचणार नाही, पण ध्वनिचित्रफितीच्या रूपाने तो एकाच क्षणी हजार गावांत पोहोचू शकतो. विद्यार्थ्याला हवे तिथे थांबता येते, हवे ते पुन्हा ऐकता येते. वर्गात मात्र सगळ्यांना एकाच चालीने चालावे लागते. इमारत, प्रवास, वेतन यांवरचा खर्च वाचतो. करोनाच्या काळात जे फसले ते फोन आणि रेंज नव्हती म्हणून फसले, आणि आता ती अडचण सरत आली आहे. इतके सांगूनही ज्यांना पटत नाही ते यंत्राला घाबरणारे, जुन्या आठवणींत रमणारे लोक आहेत. इतके सुसंगत दिसणारे म्हणणे चुकीचे असू शकते का? असू शकते, कारण त्याचे पहिलेच विधान चुकीचे आहे आणि बाकीची सगळी त्याच एका विधानावर उभी आहेत.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, जिच्यात विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम, आशादेवी आणि वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू ही मंडळी होती. समितीचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात तयार झाला, फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही दिशा स्वीकारली आणि पुढे हिंदुस्तानी तालिमी संघाच्या रूपाने सेवाग्रामात या शिक्षणाचे, म्हणजे नई तालीमचे, काम उभे राहिले. समितीने साडेपाच तासांचा शाळेचा दिवस आखला आणि त्यातले तीन तास वीस मिनिटे एका मूलोद्योगाला दिली. मातृभाषेला चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित यांना मिळून चाळीस. हे वेळापत्रक वाचून अनेकांनी तेव्हा आणि नंतरही असा निष्कर्ष काढला की मुलांना सूतकताई शिकवून मजूर बनवण्याची ही योजना होती. प्रत्यक्षात तिच्या मुळाशी शिकण्याविषयीचा एक सिद्धान्त होता: मुलाचा हात एखाद्या वस्तूवर काम करीत असतो, त्या कामात तो अडतो, त्या अडण्याकडे जाणत्या माणसाचे लक्ष असते, आणि नेमक्या त्या क्षणी मिळालेला शब्द मुलाच्या बुद्धीत रुजतो. टकळीवर सूत काढताना धागा तुटला, तर पेळूतून तंतू फार भराभर ओढले गेले की पीळच कमी पडला, हे शिक्षकाला मुलाच्या बोटांकडे पाहूनच कळते. आणि तार, लटी, गुंडी अशा मापांनी कातलेले सूत मोजताना जो गुणाकार येतो, तो मुलाने स्वतः केलेल्या कामाचा हिशेब असतो. या सिद्धान्तातून शिक्षकाची नजर वजा केली तर काय उरते? फक्त टकळी उरते, आणि टकळी कोणालाही काही शिकवीत नाही.

टकळी आज बहुतेक शाळांतून गेली आहे, पण ती नजर वर्गात अजून शिल्लक आहे, आणि तिचे काम किती बारीक असते हे दुसरीतल्या एका साध्या बेरजेवरून दिसते. सेहेचाळीस आणि सदतीस यांची बेरीज करताना एखादे मूल सहा आणि सात तेरा असे म्हणून तेरा हा आकडा सबंधच खाली लिहून टाकते, चार आणि तीन सात त्याच्या डावीकडे मांडते आणि उत्तर सातशे तेरा येते. शेजारचे मूल तीन लिहून हातचा एक बोटावर धरते, पण दशकाच्या घराकडे वळेपर्यंत तो विसरते, आणि त्याचे उत्तर त्र्याहत्तर येते. तिसरे मूल सातापासून पुढे सहा मोजताना सात हाही आकडा मोजणीत धरते, म्हणून बारा आणि अखेर ब्याऐंशी लिहिते. तिघांचीही बेरीज चुकली, पण पहिल्याला दशक म्हणजे काय हेच उमगलेले नाही आणि त्याच्या हाती काड्यांच्या जुड्या द्यायला हव्यात, दुसऱ्याला हातचा कागदावर टिपून ठेवण्याची सवय पुरेशी आहे, आणि तिसऱ्याला पुन्हा मोजणीकडे न्यावे लागेल. रांगांमधून फिरणारे गुरुजी किंवा बाई हे तिन्ही प्रकार पाच मिनिटांत पाहतात आणि तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. उत्तरावरूनही चूक ओळखता येईल, असा आक्षेप कोणी घेईल. पण फोनवरून पाठवलेल्या वहीच्या छायाचित्रात बहुधा उत्तर बरोबरच असते, कारण ते मोठ्या बहिणीने सांगितलेले असते, आणि मूल आहे तिथेच राहते. आशयाचे संक्रमण ही कल्पना इथेच कोसळते. बेरीज कशी करावी ही माहिती तिन्ही मुलांना आधीच मिळालेली होती; कमी होती ती त्या माहितीचे मुलाच्या मनात काय झाले हे पाहणाऱ्या माणसाची.

आता अनुभवाकडे वळावे. मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला सुरू केली, जिच्यात रोजचा अभ्यास दुव्यांच्या रूपाने शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पोहोचत असे. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली आणि आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येऊ लागली. हे सगळे प्रयत्न प्रामाणिक होते आणि आणीबाणीत करायला हवेतच असे होते. त्यांच्यासाठी राबलेल्या शिक्षकांना कोणीही दोष देऊ नये. प्रश्न त्या वाक्याचा आहे, जे संकटकाळी मुलांना आणि पालकांना धीर देण्यासाठी उच्चारले गेले आणि नंतर शिक्षणशास्त्राचा निष्कर्ष असल्यासारखे वापरले जाऊ लागले. शाळा बंद असताना शिक्षण होते का?

ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले, म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले गेले, ते मूल वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा ते दुसरीच्या मध्यावर होते, आणि त्यानंतरही जानेवारी २०२२ मध्ये शाळा काही आठवडे पुन्हा बंद झाल्या. अक्षरओळख, संख्याज्ञान, पेन्सिल धरणे, रांगेत बसून ऐकणे हे सगळे या मुलांच्या बाबतीत फोन, दूरचित्रवाणी आणि रेडिओ यांच्यावर सोपवले गेले होते. हीच मुले २०२२ मध्ये तिसरीत होती, आणि त्याच वर्षी ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, घरोघरी जाऊन ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या देशव्यापी पाहणीत त्यांची चाचणी झाली. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये पुन्हा तिसरीची मुले तपासली गेली, आणि ही मुले पहिलीपासून प्रत्यक्ष वर्गात बसलेली होती. त्यांच्यात हे प्रमाण २३.४ टक्के निघाले. वजाबाकीतही हाच चढ-उतार दिसतो: सरकारी आणि खासगी शाळा मिळून तिसरीतल्या २८.२ टक्के मुलांना ती २०१८ मध्ये जमत होती, २०२२ मध्ये २५.९ टक्क्यांना आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्क्यांना. हे आकडे देशाच्या ग्रामीण भागाचे आहेत, एकट्या वर्ध्याचे नाहीत, आणि २०२१ पासून पायाभूत साक्षरतेवर दिल्या गेलेल्या भराचाही या सुधारणेत वाटा आहे. पण तो भर कुठे दिला गेला? वर्गातच दिला गेला. पडदा होता आणि वर्ग नव्हता तेव्हा मुले खाली गेली, वर्ग परत आला तेव्हा ती वर आली, आणि मधल्या काळात फोन काही कमी झाले नव्हते, उलट वाढले होते.

शासनाचाही अनुभव याहून वेगळा नव्हता. १ जुलै २०२१ पासून राज्याने पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला, ज्याचा हेतू आधीच्या इयत्तेत न झालेले शिक्षण भरून काढणे हा होता. शिक्षण चालू होते तर सेतू कशावरून कशावर बांधायचा होता? त्याच महिन्यात दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, कारण परीक्षा रद्द होऊन मूल्यमापन शाळांवर सोपवले गेले होते. परिस्थितीच तशी होती आणि त्यात मुलांचा दोष नव्हता. पण कागदावरचे यश आणि मुलाच्या पदरात पडलेले शिक्षण यांच्यातले अंतर त्या एका महिन्यात जितके उघडे पडले तितके क्वचितच पडले असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित कुटुंबांतील सुमारे चौदाशे मुलांची पाहणी केली, तेव्हा ग्रामीण मुलांपैकी फक्त ८ टक्के नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले अजिबातच शिकत नव्हती.

यावर ठरलेले उत्तर येते की हा साधनांचा प्रश्न होता, पद्धतीचा नव्हे. प्रतिपक्षाचा हा सर्वांत भक्कम मुद्दा असल्याने तो घाईने बाजूला सारता येत नाही. साधने नव्हती हे खरेच आहे. २०२१ च्या ‘असर’नुसार शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण अशा घरांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. तो का मिळत नव्हता हे वर्धा जिल्ह्यात कोणालाही सांगावे लागू नये. घरात फोन एक असतो आणि तो बापाबरोबर सकाळीच वावरात किंवा कामावर जातो, रिचार्ज संपलेला असतो, भावंडांत आधी मुलाचा नंबर लागतो आणि मग मुलीचा, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेची घंटा होणार नसेल तर दहा-बारा वर्षांच्या मुलीला घरी बसवून ठेवण्यापेक्षा ओटी बांधून सोबत नेणे घरच्यांना सोयीचे वाटते. शाळा तिला दिवसाचे काही तास या कामातून सोडवते, तिच्या ताटात शिजलेले अन्न वाढते आणि ती दोन दिवस आली नाही तर कोणीतरी घरी विचारायला येते. ही कामे कोणता फोन करणार आहे?

पण समजा, फोन प्रत्येकाला मिळाला. समजा, बोरच्या जंगलाकडच्या गावातही रेंज आली आणि भारनियमन संपले. मग तरी समीकरण खरे ठरते का? हे आता कल्पनेवर सोडण्याची गरज नाही. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८० टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता; वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित काही करण्यासाठी तो हाती घेणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी घेणारी ७६ टक्के. साधन आले, जोडणी आली, आणि तरीही शिकणे त्यांच्यामागोमाग आपोआप आले नाही. यात मुलांचे चारित्र्य शोधत बसणे अन्यायाचे होईल. एकाच यंत्रात करमणूक आणि अभ्यास शेजारी ठेवून चौदा वर्षांच्या मुलाने एकट्याने दुसऱ्याची निवड करावी, ही अपेक्षा ज्या मोठ्यांनी ठेवली त्यांनाही ती स्वतःच्या बाबतीत पेलत नाही.

याच ठिकाणी ‘आपापल्या गतीने शिकण्या’चाही निकाल लागतो. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी जगभरच्या कोणालाही खुले केलेले ऑनलाइन अभ्यासक्रम २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण नोंदणीच्या ३.१३ टक्के होते, आणि ती नोंदणी बहुतांशी प्रौढ, शिकलेल्या आणि स्वखुशीने आलेल्या माणसांची होती. जे त्यांना साधले नाही ते समुद्रपूर तालुक्यातल्या तिसरीच्या मुलाला साधेल असे कोणत्या आधारावर मानायचे? मुलाला स्वतःची गती आधी नसतेच; ती त्याला शेजारच्या मुलाकडे पाहून, फळ्यासमोर उभे राहून, चुकून, हसे होऊन आणि पुन्हा प्रयत्न करून मिळते.

उत्तम शिक्षक सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे आश्वासनही असेच आहे, आणि ते समतेच्या भाषेत येत असल्यामुळे अधिक घातक आहे. चांगले व्याख्यान पडद्यावरून पोहोचते, यात शंका नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग झाला तेव्हापासून ते पोहोचत आहे, आणि १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर दिसत होता. जवळजवळ अर्धशतक चांगली व्याख्याने खेड्यांत पोहोचत असूनही खेड्यातला शिक्षक अनावश्यक झाला नाही, ही गोष्ट काही शिकवते की नाही? पडद्यावरचा शिक्षक कितीही विद्वान असला तरी तो त्या मुलाला ओळखत नाही, आणि मुलाला घरी बोलली जाणारी वऱ्हाडी, गोंडी किंवा हिंदी बोली सोडून पुस्तकाच्या मराठीत यायला अडचण कुठे होते हे त्याला दिसत नाही. उरतो तो एवढाच अर्थ, की शहरातल्या मुलाला माणूस मिळेल आणि खेड्यातल्या मुलाला माणसाचे चित्र मिळेल. याला समता म्हणता येत नाही.

प्रौढांच्या दूरशिक्षणाची गोष्ट वेगळी आहे, आणि तेवढे मान्य करायला हवे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून नोकरी, संसार आणि शेती सांभाळून शिकू पाहणाऱ्यांसाठी वाट उघडली आणि त्या वाटेने अनेकांना पदवी मिळाली. परंतु मुक्त विद्यापीठांनीही जागोजागी अभ्यासकेंद्रे उभारली आणि संपर्क सत्रे, म्हणजे विद्यार्थी आणि अध्यापक समोरासमोर येतील असे तास, ठेवले. छापील साहित्य घरपोच गेले की काम झाले असे त्यांनी कधी मानले नाही. ज्यांनी अंतरावरून शिकवण्यालाच आयुष्य दिले त्यांना जे कळले, ते पडद्याच्या नव्या प्रचारकांना कळत नाही हे आश्चर्य आहे.

आणि आपण कोणासाठी काय स्वीकारतो हेही पाहावे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून विद्यार्थ्यांना डॉक्टर घडवते, आणि तिथल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी गावात शिबिरासाठी राहायला जावे लागते, कारण रोगी म्हणजे काय हे त्याच्या घरात गेल्यावाचून समजत नाही अशी त्या संस्थेची धारणा आहे. युद्ध आणि साथ यांच्यामुळे परदेशातून परतलेल्या आणि वैद्यकीय शिक्षणाचे अंतिम वर्ष ऑनलाइन पुरे केलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न २०२२ मध्ये आला तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्यांच्यासाठी आंतरवासितेची, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम करण्याची, मुदत एक वर्षाऐवजी दोन वर्षे केली. हा निर्णय योग्यच होता. स्वतःच्या नाडीवर ज्याचा हात पडणार आहे त्याने पडद्यावर शिकलेले असावे, हे कोणालाच मान्य नसते. मग सहा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीवर ज्याचा हात पडणार आहे तो माणूस मात्र पडद्यामागे चालतो, हे कसे? बाजाराचेही वागणे याला धरूनच आहे. ज्या कंपन्यांनी शाळा कालबाह्य झाल्याचे सांगून आपली ॲप घरोघरी विकली, त्यांतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये शहरोशहरी प्रत्यक्ष वर्गांची केंद्रे उघडली, कारण शुल्क मोजणाऱ्या पालकाला आपल्या मुलासमोर शिक्षक उभा हवा होता.

राहिला यंत्रविरोधाचा आरोप, जो वर्ध्याचे नाव घेतले की हमखास केला जातो. हा आरोप इतिहासाच्या अज्ञानातून येतो. १९२९ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय चरखा संघामार्फत सुधारित चरख्याच्या शोधासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते, आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगांची आणि त्यांच्या अवजारांची परंपरा जपत आहे. अवजार माणसाचा हात वाढवते की हाताची जागा घेते, एवढाच त्या परंपरेचा प्रश्न होता, आणि तोच आज फोनला विचारला पाहिजे. शिक्षकाने वर्गात पेशीविभाजन पडद्यावर दाखवले, हिंगणघाटच्या मुलीला वेणा नदीचा नकाशा उपग्रहातून पाहता आला, तर उत्तमच आहे. ते अवजार शिक्षकाच्या हातात आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा रोखही हाच होता, की शिक्षणातल्या तंत्रज्ञानाने शिक्षकाशी होणाऱ्या प्रत्यक्ष संवादाला पूरक असावे, त्याची जागा घेऊ नये. जागा घेण्याला विरोध करणे म्हणजे यंत्राला विरोध करणे नव्हे.

सगळा वाद अखेर जिथे येऊन थांबतो तो खर्चाचा मुद्दा आहे, आणि खरे तर तो तिथूनच सुरू झालेला असतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळांची मुले एका मोठ्या ठिकाणी आणणारी शाळा, उभारण्याचा विचार राज्यात पुढे आला, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक आणि त्यांतल्या मुलांची संख्या सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार असल्याचे सांगण्यात आले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एका किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. हे अंतर ठरवताना सहा वर्षांचे मूल नाला ओलांडून, भर पावसात किंवा वर्ध्याच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात किती चालू शकते याचा विचार केलेला होता. ‘ऑनलाइन शिक्षण तितकेच चांगले’ हे विधान या चर्चेत शिरले की त्याचा अर्थ बदलतो: शाळा नेली तरी शिक्षण नेले नाही, असे म्हणण्याची सोय त्यातून होते, आणि २०२० मध्ये धीर देण्यासाठी उच्चारलेले वाक्य कायमच्या कुलपाचे समर्थन बनते. पंधरा मुलांच्या शाळेचा दर मुलामागचा खर्च जास्त असतो, हे गणित बरोबर आहे. पण त्या गणितात शाळा गेल्यावर सहावीतच घरी बसणारी मुलगी कुठल्या रकान्यात धरली आहे?

पंधरा मुलांचा वर्ग ही उणीव मानण्याचीही काही गरज नाही. ज्या नजरेविषयी वर लिहिले, ती पंधरा मुलांवर जशी पडते तशी साठ मुलांवर पडत नाही. सेवाग्राममध्ये २००५ पासून नई तालीम समितीने पुन्हा सुरू केलेली आनंद निकेतन शाळा शेती, स्वयंपाक, सूत आणि माती यांच्यासोबत मुलांना शिकवते आहे. ती पाहायला बाहेरून लोक येतात, कौतुक करून परततात. जिल्ह्यात आणि राज्यात लहान शाळा याच दिशेने नेता येतील असा विचार मात्र कमीच होतो.

म्हणून शासनाकडे करायची मागणी नेमकी असली पाहिजे. पहिली ते आठवीच्या मुलासाठी पडद्यावरचा तास हा अध्यापनाचा तास म्हणून कोणत्याही कागदावर मोजला जाऊ नये. शाळा बंद किंवा एकत्र करण्याच्या कोणत्याही प्रस्तावात ऑनलाइन सोयीचा आधार घेतला जाऊ नये. रिक्त शिक्षकपद भरण्याऐवजी त्या वर्गात दूरचित्रवाणी संच बसवणे हे पद भरणे मानले जाऊ नये. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष शिक्षण समान आहे असे ज्या तज्ज्ञांना आणि अधिकाऱ्यांना मनापासून वाटते, त्यांनी आपल्या मुलांची पहिली आणि दुसरी फोनवर पार पाडण्याची तयारी आधी जाहीर करावी. आणि ती होईपर्यंत वर्धा जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांतल्या एकाही गावात, पटावर चारच मुले असली तरी, वर्गखोलीला कुलूप लागू नये आणि त्या चार मुलांसमोरचे गुरुजी हलवले जाऊ नयेत.